खांद्यामागचा कॉक

रविवार, १२ ऑक्टोबर १९९७. कॅलिफोर्नियात मॉंटेरे उपसागराच्या दक्षिण टोकाला पॅसिफिक ग्रोव्ह नावाचं गाव आहे. त्या संध्याकाळी साडेपाचला दोन मिनिटं कमी असताना गावासमोरच्या समुद्रात एक दोन आसनी विमान नाक खाली करून कोसळलं. आत एकच माणूस होता. 'टेक मी होम, कंट्री रोड्स' गाणारा जॉन डेन्व्हर, वय ५३.

आपल्याकडे कॉलेजात गिटार हातात घेतलेल्या कितीतरी मुलांना हा आवाज ओळखीचा आहे, आणि त्याच्या मृत्यूवर लिहिलं गेलं ते बहुतेक त्या आवाजाच्या दुःखात. मला मात्र त्या विमानाबद्दल लिहायचं आहे. कारण त्यातला दोष कुठे लपून बसलेला नव्हता. उड्डाणाच्या थोडंच आधी दोन माणसं त्या दोषापाशी उभी राहून त्यावर बोलत होती. त्यांना तो दिसत होता, त्यावर त्यांनी एक उपायही करून पाहिला, तो जमला नाही, आणि तरीही विमान उडालं. हे कसं घडलं ते समजायचं तर घड्याळ बरंच मागे न्यावं लागतं.

अठरा वर्षं आधी

कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात बर्ट रुटान हा अभियंता छोट्या विमानांची चित्रं काढत होता. पुढे न थांबता, वाटेत इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करणारं 'व्हॉयेजर' त्यानंच आखलं, आणि २००४ मध्ये अंतराळाच्या उंबरठ्यापर्यंत गेलेलं 'स्पेसशिपवन'सुद्धा. १९७९ च्या जूनमध्ये त्याचं 'लाँग-ईझी' पहिल्यांदा उडालं.

हे विमान प्रथम बघणाऱ्याला उलटं वाटतं. शेपटाकडचे छोटे पंख नाकाशी, मोठे पंख मागे, इंजिन आणि पंखा पाठीमागे. सगळं विमान फोम, काचतंतू आणि इपॉक्सीचं. उभं करताना पुढचं चाक आत घेऊन त्याला नाकावर टेकवतात. रुटान तयार विमान विकत नव्हता. तो नकाशे विकत असे, आणि लोक ते घेऊन आपापल्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं खपून विमान बांधत.

नाकाजवळचे छोटे पंख हौसेपोटी लावलेले नाहीत. विमान फार हळू झालं की पंखांवरची हवा तुटते, विमान एकदम खाली पडतं किंवा गिरकी घेतं. नवशिके असेच मरतात. लाँग-ईझीत आधी पुढच्या छोट्या पंखांची उचल संपते, नाक आपोआप थोडं झुकतं, वेग परत येतो आणि मागचे मोठे पंख कामात राहतात. चुकणाऱ्या माणसाला सांभाळून घेण्याचा विचार त्या आराखड्यातच आहे. म्हणूनच या अपघाताची जास्त हळहळ वाटते.

पेट्रोलच्या दोन टाक्या, पंखांच्या मुळाशी, डावी आणि उजवी. दोन्ही एकदम इंजिनाला जोडलेल्या नसतात. एका वेळी एक. कोणती, ते एका कॉकनं ठरवायचं. रुटानच्या नकाशात हा कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, नजरेसमोर होता. ज्यांनी जुनी स्कूटर चालवली आहे त्यांना याचं मोल सांगायला नको: गाडी आचके देऊ लागली की रस्त्यावरची नजर न काढता सीटखाली हात घालायचा आणि चाचपत कॉक रिझर्व्हला लावायचा. हाताला जागा माहीत असते, म्हणून डोकं शांत राहतं.

ऐंशीचं दशक, एका हौशी कारागिराची कार्यशाळा

पुढे डेन्व्हरच्या हाती आलेलं विमान ज्यानं बांधलं, त्याला पायांमधून जाणाऱ्या पेट्रोलच्या नळ्या खटकल्या. बसण्याच्या जागेत पेट्रोल नको, गळलं तर आग लागेल, असा त्याचा विचार. म्हणून त्यानं कॉक उचलून वैमानिकाच्या पाठीमागच्या आडभिंतीवर, डाव्या खांद्याच्या मागे नेला.

या माणसाला मी निष्काळजी म्हणणार नाही. तो काळजीच घेत होता. पण एका धोक्याकडे बघताना दुसरा त्याच्या नजरेतून सुटला. नवा कॉक कसा चालायचा तेही पाहा. दांडा वर केला की पेट्रोल बंद. खाली केला की उजवी टाकी. आणि उजवीकडे वळवला की डावी टाकी. शेजारी एकही खूण नाही, एकही अक्षर नाही. बांधणाऱ्याला खुणेची गरज नव्हती, कारण त्याच्या डोक्यात ते पक्कं होतं. टाकीतलं पेट्रोल दाखवणाऱ्या नळ्या मागच्या आसनापाशी. पुढे बसलेल्याला त्या मान वळवूनही दिसत नसत, आणि त्यांच्यावरही आकडे नव्हते. भर म्हणजे टाकीचा आकार असा, की नळी अर्धी दिसली म्हणून टाकी अर्धी भरलेली असेलच असं नाही. इंजिन आराखड्यात सुचवलेल्यापेक्षा मोठं, दीडशे अश्वशक्तीचं लायकमिंग. म्हणजे पेट्रोलही जास्त पिणारं.

हे सगळं कायद्यात बसत होतं. अमेरिकेत हौशी माणसानं निम्म्याहून जास्त काम स्वतः केलं असेल तर ते विमान 'एक्सपेरिमेंटल' या वर्गात नोंदवता येतं. तो शब्द विमानावर ठळक रंगवावा लागतो, पण नकाशाबरहुकूमच बांधा अशी सक्ती नसते. ही मोकळीक मला प्रिय आहे. मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांना २०१७ साली नोंदणी मिळेपर्यंत किती वर्षं कचेऱ्यांशी झगडावं लागलं, ते आपण पाहिलं आहे; तशी अडवणूक कुणाच्याच वाट्याला येऊ नये. पण या मोकळिकीची एक बाजू अशी की बांधणाऱ्याच्या सवयी विमानात कायमच्या बसतात. तो स्वतः चालवतो तोवर त्या सवयी त्याच्यासोबत असतात. विमान विकलं की सवयी विमानातच राहतात आणि समोर नवा माणूस बसतो.

मार्च १९९७

दारू पिऊन गाडी चालवल्याची प्रकरणं आणि त्यानंतर दारूपासून पूर्ण दूर न राहणं, या कारणांवरून संघीय विमान वाहतूक प्रशासनानं (एफएए) डेन्व्हरला वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी अपात्र ठरवलं. म्हणजे ऑक्टोबरच्या त्या रविवारी कायद्यानं त्यानं विमान चालवायलाच नको होतं. ही त्याची चूक होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. मात्र मृत्यूनंतरच्या तपासणीत शरीरात दारू किंवा अमली पदार्थ आढळले नाहीत. त्याची बदनामी करायला हे कलम पुरेसं ठरलं. विमान का पडलं हे त्यातून कळत नाही.

दोन आठवडे आधी

सप्टेंबरच्या अखेरीस डेन्व्हरनं हे लाँग-ईझी आधीच्या मालकाकडून विकत घेतलं. नवा रंग दिला, नवा नोंदणी क्रमांक घेतला. त्यात शेवटी स्वतःची आद्याक्षरं, जेडी.

तो कच्चा वैमानिक नव्हता. वडील अमेरिकी हवाई दलात लेफ्टनंट कर्नल. १९६१ मध्ये त्यांनी बी-५८ हसलर या बाँबफेकी विमानावर वेगाचे विक्रम केले होते. उडायला त्यांनीच मुलाला शिकवलं. बापलेकांचं नातं पूर्वी फार ताठ होतं, ते या शिकण्यातून सैल झालं. डेन्व्हरच्या खाती सुमारे २,७५० तासांचं उड्डाण होतं. ग्लायडर, समुद्रावर उतरणारी विमानं, दोन इंजिनांची विमानं, जेट, सगळ्याचे परवाने. इतका अनुभव असलेल्या माणसाला हे छोटं विमान अवघड वाटण्याचं कारण नव्हतं. पण ते तास बहुतेक कारखान्यात बनलेल्या विमानांतले होते, जिथे कॉक समोर असतो, त्यावर 'डावी' आणि 'उजवी' लिहिलेलं असतं आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांपुढे हलत असतो. तिथे तयार झालेला हात इथे उपयोगाचा नव्हता.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सँटा मरिया इथे दुसऱ्या एका वैमानिकानं त्याला या विमानाची ओळख करून दिली. जमिनीवर थोडं, हवेत थोडं. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आसपास. पाय रडरच्या पेडलपर्यंत नीट पोचत नव्हते म्हणून पाठीमागे उशी घ्यावी लागली.

ही उशी फार महत्त्वाची आहे. तिच्यामुळे पाय पेडलवर आले, पण पाठ आडभिंतीपासून आणखी पुढे सरकली. मागचा कॉक आधीच लांब होता, तो आणखी लांब गेला.

मग त्यानं विमान उत्तरेला मॉंटेरेला नेलं. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात. प्रवास सुखाचा झाला. काही बिघडलं असतं, निदान कॉक फिरवताना उंचावर एखादा झोका बसला असता, तर रविवारचा दिवस कदाचित वेगळा गेला असता असं मला वाटत राहतं.

रविवार, संध्याकाळ, हँगर

दिवस सुट्टीचा. आधी मित्रांबरोबर गोल्फ झालं होतं. हवा स्वच्छ, सूर्यास्ताला अजून तासाहून अधिक वेळ. डेन्व्हर मॉंटेरेच्या विमानतळावर आला आणि उड्डाणापूर्वीची तपासणी करू लागला. सोबत तिथला एक तंत्रज्ञ होता. त्याची साक्ष पुढे तपासात सगळ्यात मोलाची ठरली.

मागच्या नळ्या पाहून तंत्रज्ञानं पेट्रोल सांगितलं: उजव्या टाकीत निम्म्यापेक्षा कमी, डावीत पावपेक्षाही कमी. एका टाकीत साधारण २६ गॅलन मावतात, म्हणजे जवळपास शंभर लिटर. नळ्या पुढून दिसत नाहीत म्हणून त्यानं डेन्व्हरला दुरुस्तीच्या कामातला एक छोटा आरसा दिला. खांद्यावरून मागे धरून नळीतली पातळी बघायला.

मग विषय कॉकचा निघाला. हात पुरत नाही, आणि फिरवायलाही तो जड. दोघांनी मिळून एक खटपट केली. दांड्याला व्हाइसग्रिप पक्कड घट्ट लावली, म्हणजे दांडा लांब होईल आणि हाताला लागेल. डेन्व्हर आसनावर बसला, हात मागे नेला, तरी पोचला नाही. पक्कड काढून टाकली.

डेन्व्हर म्हणाला, गरज पडलीच तर विमान ऑटोपायलटवर टाकीन, ते सरळ उडत राहील, तेवढ्यात वळून कॉक फिरवीन. पेट्रोल भरायचं का, या प्रश्नावर त्यानं नको म्हटलं. तासाभराचंच तर उडायचं होतं.

या दोन वाक्यांपाशी मी पुनःपुन्हा येऊन थांबतो. ऑटोपायलटचा बेत वेडगळ नव्हता. पाच हजार फुटांवर, इंजिन नीट चालू असताना, टाकी रिकामी होण्याच्या आधी तो बेत चालला असता. वर वेळ भरपूर असतो. पण हा बेत धरूनच चालतो की कॉक फिरवायची वेळ वैमानिक स्वतः निवडेल. टाकीत पेट्रोल कमी असेल आणि पातळी आरशातूनच दिसत असेल, तर ती वेळ इंजिन निवडतं. आणि किनाऱ्यालगत खालून उडताना ते खोकलं, तर ऑटोपायलट लावायला हात रिकामा कुठून आणायचा?

त्या घडीला सगळं सुधारण्याचा एक साधा मार्ग हँगरपासून हाकेच्या अंतरावर होता. दोन्ही टाक्या भरून घ्यायच्या. भरलेल्या टाकीवर तासभर उडताना कॉकला हात लावायची वेळच आली नसती. कॉक तिथेच राहिला असता, खूण नसलेला, हाताबाहेरचा, आणि तरीही निरुपद्रवी. दहा-पंधरा मिनिटांचं काम. संध्याकाळच्या उजेडातली दहा-पंधरा मिनिटं वाचवायची माणसाची ओढ मला कळते, नवं विमान दारात उभं असताना तर फारच कळते. त्याला दोष देताना म्हणूनच जीभ जड होते. पण दोष होता.

५ वाजून १२ मिनिटं

विमानानं धावपट्टी २८-डावी सोडली. पहिली काही मिनिटं सरावाची. विमानतळाभोवती फेरी, चाकं धावपट्टीला टेकवायची, न थांबता पुन्हा पूर्ण जोर देऊन वर. असं तीनदा झालं. नवं विमान हातात बसवण्याची हीच योग्य रीत आहे, आणि उतरणी चांगल्या झाल्या असणार, कारण त्यानंतर तो पश्चिमेला किनाऱ्याकडे निघाला. मात्र पूर्ण जोराच्या प्रत्येक चढाईत इंजिन सर्वात जास्त पेट्रोल ओढतं, हेही इथे लक्षात ठेवायला हवं.

५ वाजून २७ मिनिटं

विमानतळाच्या नियंत्रकाला रडारवर विमानाची खूण नीट मिळत नव्हती. त्यानं डेन्व्हरला ट्रान्सपाँडर पुन्हा लावायला सांगितलं. नेहमीचं, रोज होणारं संभाषण. विमान जेमतेम पाचशे फुटांवर, डाव्या-उजव्या बाजूला सायप्रसची झाडं, घरं, खडक आणि पुढे प्रशांत महासागर.

५ वाजून २८ मिनिटं

आता दिसतंय का, असं डेन्व्हरनं विचारलं. रेडिओवरचे त्याचे हे शेवटचे शब्द. आवाजात घाई नव्हती.

पुढचं कुणी आतून पाहिलेलं नाही. बाहेरून पाहिलेल्या वीस जणांच्या साक्षी तपासकांनी घेतल्या. विमान साडेतीनशे ते पाचशे फुटांवर होतं असा त्यांचा अंदाज. आठ जणांनी 'फट्' असा आवाज ऐकला आणि लगेच इंजिनाचा आवाज मंदावला. काहींना ते एका अंगावर कलंडताना दिसलं, त्यातल्या बहुतेकांना उजव्या अंगावर. बारा जणांनी ते नाक खाली करून सरळ कोसळताना पाहिलं. किनाऱ्यापासून सुमारे दीडशे यार्डांवर, तीस फूट खोल पाण्यात. जवळच पॉइंट पिनोसचं दीपगृह आहे, १८५५ पासून चालू असलेलं.

इंजिन थांबणं म्हणजे मरण नव्हे. लाँग-ईझी इंजिनाशिवाय चांगलं तरंगत जातं. पाचशे फुटांवरून अवधी फार नव्हता, पण नाक सावरून किनाऱ्यालगतच्या पाण्यावर सपाट उतरण्याइतका होता. बंद इंजिनाचं विमान वैमानिकाच्या हातात होतं. ते हातातून का गेलं?

नंतरचे महिने

राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या लोकांनी दुसरं लाँग-ईझी घेतलं आणि त्या जागी कॉक असेल तर तो फिरवायला काय काय करावं लागतं ते स्वतः करून पाहिलं. लाँग-ईझीची स्टिक उजव्या हाताला असते. पहिलं, तो उजवा हात स्टिकवरून काढायचा. दुसरं, खांद्यावरचे पट्टे सोडायचे. तिसरं, सगळं अंग डावीकडे नव्वद अंशांत वळवायचं. चौथं, हात मागे नेऊन दांडा फिरवायचा. या सगळ्यात समोर कुणाचीच नजर नाही.

आणि करून पाहिलं म्हणूनच एक गोष्ट हाती लागली, जी कागदावर कधी दिसली नसती. अंग डावीकडे पिळताना माणूस तोल सांभाळायला उजवा पाय रेटतो. नकळत, शरीर आपोआप करतं ते. आणि उजव्या पायाखाली रडरचं पेडल असतं. या विमानात दोन्ही रडर स्वतंत्र आहेत, पंखांच्या टोकांवर. उजवं पेडल दाबलं की उजवंच रडर बाहेर वळतं. प्रत्यक्ष हवेत करून पाहताना विमान उजवीकडे कलंडलं. साक्षीदारांनी सांगितलेलं तेच. उंचीवर हे सावरता येतं. पाचशे फुटांवर, पाठमोऱ्या माणसाला, नाही.

लाँग-ईझीची पुढच्या पंखांची राखण इथे कामाची नव्हती, कारण विमान हळू झालंच नव्हतं. त्याला वैमानिकाच्याच पायानं वळवलं होतं. अवशेषांत तो छोटा आरसाही सापडला.

जानेवारी १९९९

मंडळानं निष्कर्ष जाहीर केला. कॉक फिरवण्याच्या धडपडीत वैमानिकाचं लक्ष विमानावरून उडालं, नकळत उजवं रडर दाबलं गेलं आणि ताबा सुटला. पेट्रोल न भरणं, म्हणजे उड्डाणाची अपुरी तयारी, हेही कारण. शिवाय हात न पोचेल अशा जागी खूण नसलेला कॉक बसवण्याचा बांधणाऱ्याचा निर्णय, आकडे नसलेल्या नळ्या, या विमानाचं अपुरं प्रशिक्षण आणि अपुरा अनुभव हे हातभार लावणारे घटक.

कारणांची ही उतरंड मला पूर्ण पटत नाही. वैमानिक वर, कॉक खाली. कायद्याच्या दृष्टीनं बरोबर असेल. शेवटचा निर्णय वैमानिकाचाच असतो. पण काळाच्या क्रमानं पाहिलं तर कॉक दहाएक वर्षं आधीपासून तिथे वाट बघत होता, आणि ज्या व्यवस्थेनं विमानावर 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द रंगवायला लावला, तिनं कॉकशेजारी 'डावी', 'उजवी', 'बंद' एवढे तीन शब्द लिहिले आहेत की नाही याचा आग्रह धरला नाही. त्या तीन शब्दांनी डेन्व्हर वाचलाच असता असं मी म्हणत नाही. हात तरीही पोचला नसता. पण विमान विकताना, घेताना, ओळख करून देताना, त्या आडभिंतीकडे कुणाची तरी नजर थांबली असती.

बांधणाऱ्या हातांतून दुसऱ्या हातांत गेलेल्या विमानांचा प्रश्न त्यानंतरही सुटला नाही. २०११ मध्ये एफएएनं अनोळखी आणि प्रायोगिक विमानांकडे वळणाऱ्या वैमानिकांसाठी मार्गदर्शक पत्रक काढलं: त्याच जातीच्या विमानातला प्रशिक्षक शोधा, आधी त्याच्याबरोबर उडा, विमानाच्या खोडी जमिनीवर असतानाच शिकून घ्या. त्याच वर्षी झालेल्या घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा मंडळानं अभ्यास केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्या विमानांपैकी निम्म्याहून जास्त विमानं स्वतः बांधलेली नव्हती, विकत घेतलेली होती. आणि त्यातले बरेचसे अपघात नव्या मालकाच्या अगदी सुरुवातीच्या उड्डाणांत झाले होते.